चीनचा अमेरिकन मुखत्यार

ज्याच्या दरबारी परराष्ट्रांचे वकील आले तर त्यांनी नजराणे घेऊन व भूमीला मस्तक टेकूनच यावे असा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता होता, आणि ज्याने स्वतः मात्र लंडन, पॅरिस किंवा वॉशिंग्टन येथे तोवर एकही वकील धाडलेला नव्हता, त्या चिनी साम्राज्याने १८६७ सालच्या अखेरीस पाश्चात्त्य सत्तांकडे आपले पहिले अधिकृत शिष्टमंडळ रवाना करण्याचे ठरविले, तेव्हा त्याच्या अग्रभागी बॉस्टनच्या न्यायालयांत वकिली केलेला एक अमेरिकन गृहस्थ असावा, ही एकोणिसाव्या शतकाच्या राजकारणातील एक विलक्षण घटना होय. या गृहस्थाचे नाव अ‍ॅन्सन बर्लिंगेम. नोव्हेंबरपर्यंत तो पेकिंग येथे अमेरिकेचा वकील होता. त्या पदाचा राजीनामा त्याने दिला आणि लागलीच त्याच नगरात, ज्यांच्याशी पाच वर्षे वाटाघाटी केल्या त्यांचाच तो मुखत्यार झाला. खटला चालू असता एका पक्षाच्या वकिलाने दुसऱ्या पक्षाचे वकीलपत्र घेतले, तर कोणतेही न्यायालय त्यास हरकत घेईल. येथे मात्र दोन्ही पक्षांनी त्याचे अभिनंदन केले.

त्याचा जन्म १४ नोव्हेंबर १८२० रोजी न्यूयॉर्क संस्थानातील न्यू बर्लिन या गावी झाला. बाप शेतकरी, शिवाय मेथॉडिस्ट पंथाचा हौशी उपदेशक. नव्या जमिनीच्या शोधात त्याने बिऱ्हाड प्रथम ओहायोत आणि नंतर मिशिगनमध्ये हलविले. जंगल तोडून वसविलेल्या त्या मुलखात नाटकशाळा नव्हत्या, ग्रंथालये नव्हती; मनोरंजन म्हणा, शिक्षण म्हणा, सर्व काही सभेतल्या व्याख्यानांत आणि प्रार्थनामंदिरातल्या प्रवचनांत सामावलेले असे, आणि अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या अंगी वक्तृत्व मुरावे यात नवल नाही. डेट्रॉइट येथे विद्यापीठाच्या शाखेत शिकून तो हार्वर्डच्या विधिमहाविद्यालयात दाखल झाला, १८४६ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पुत्र जॉर्ज ब्रिग्ज याच्या भागीदारीत त्याने बॉस्टन येथे वकिली आरंभिली. पुढल्या वर्षी केंब्रिज येथील जेन लिव्हरमोर हिच्याशी त्याचा विवाह झाला. कायद्याच्या ग्रंथांत तो फार काळ रमला असे दिसत नाही. १८४८ साली गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा फ्री सॉइल पक्ष निघाला आणि हा तरुण वकील त्याच्या व्यासपीठांवर गर्जू लागला. तेथून संस्थानच्या विधिमंडळात आणि १८५५ साली वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात.

या प्रवासातील एक गोष्ट त्याचे प्रशंसक सहसा झाकून ठेवतात. प्रतिनिधिगृहात तो प्रथम निवडून आला तो अमेरिकन पक्षाच्या तिकिटावर. आणि हा पक्ष म्हणजे परदेशांतून येणाऱ्या, विशेषतः आयर्लंडातून येणाऱ्या कॅथलिक स्थलांतरितांच्या द्वेषावर पोसलेली मंडळी. लवकरच तो नव्या रिपब्लिकन पक्षात गेला हे खरे, आणि त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीच्या अनेक विरोधकांनी सोय म्हणून तीच वाट धरली होती हेही खरे. तथापि माणसाला आपला देश सोडून दुसऱ्या देशी जाऊन राहण्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे असे उद्घोषित करणारा तहनामा ज्याच्या नावाने पुढे ओळखला गेला, त्याच्या राजकीय चरित्राचे पहिले पान असे आहे, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेच्या अखिल उत्तर भागात त्याचे नाव झाले ते १८५६ साली. त्या वर्षी मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सचा सेनेटर चार्ल्स सम्नर याने कॅन्सस प्रांतात गुलामगिरी लादू पाहणाऱ्यांवर दोन दिवस चाललेले एक अत्यंत कडवट भाषण केले, आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाच्या एका वृद्ध सेनेटराची टर उडविली. त्या वृद्धाचा आप्त प्रेस्टन ब्रुक्स हा प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. २२ मे रोजी तो सेनेटच्या दालनात शिरला, आणि मेजाशी लिहीत बसलेल्या सम्नरच्या मस्तकावर, तो रक्तबंबाळ होऊन कोसळेपर्यंत, त्याने सोन्याची मूठ बसविलेल्या छडीचे प्रहार केले. छडीचे तुकडे झाले तरी तो थांबला नाही. सम्नरला सेनेटच्या कामावर नियमितपणे रुजू होण्यास पुढे तीन वर्षांहून अधिक काळ लागला. महिन्याभराने, २१ जून रोजी, बर्लिंगेम प्रतिनिधिगृहात उभा राहिला आणि त्याने मॅसॅच्युसेट्सच्या वतीने ब्रुक्सच्या कृत्याची अशी निर्भर्त्सना केली की, तिच्यापायी द्वंद्वयुद्धाचे आव्हान येणार हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

मध्यस्थांनी प्रथम गुळमुळीत शब्दांत तडजोड घडवून आणली. तिचा मजकूर वाचून बॉस्टनच्या लोकांनी नाके मुरडली, तेव्हा बर्लिंगेमने वर्तमानपत्रांतून निवेदन देऊन ती तडजोड झिडकारली, आणि ब्रुक्सचे आव्हान आले. द्वंद्वाच्या रिवाजाप्रमाणे शस्त्र व स्थळ निवडण्याचा हक्क आव्हानिताचा. पश्चिमेच्या रानांत वाढलेल्या या वकिलाचा बंदुकीचा नेम अचूक होता. त्याने रायफल निवडली, आणि स्थळ निवडले नायगारा धबधब्यानजीकचे, पण कॅनडाच्या बाजूचे, म्हणजे अमेरिकेच्या द्वंद्वविरोधी कायद्याच्या हद्दीबाहेरचे. दक्षिणेतल्या ब्रुक्सला तेथवर जायचे तर सगळा उत्तर मुलूख, त्याच्यावर दात ओठ खाणाऱ्या जनतेतून, ओलांडावा लागणार! शत्रूच्या प्रदेशातून जाणे शक्य नाही, असे कळवून त्याने माघार घेतली आणि उत्तरेकडील गल्लीबोळांतून त्याच्या भित्रेपणाची गाणी झाली. ही स्थळयोजना धैर्याची की वकिली कसबाची, असा प्रश्न पडतो. मला ती दोहोंचे मिश्रण वाटते. गोळी झाडण्याची त्याची तयारी होती, परंतु न झाडता दावा जिंकला तर तेही त्यास नको होते असे नाही.

१८६० सालच्या निवडणुकीत लिंकन निवडून आला आणि त्याच्यासाठी गावोगाव भाषणे करणारा बर्लिंगेम स्वतः मात्र बॉस्टनमध्ये पडला. पडलेल्या निष्ठावंताची सोय परदेशच्या वकिलातीत लावावी हा अमेरिकन राज्यकारभाराचा जुना प्रघात, त्यास अनुसरून मार्च १८६१ मध्ये त्याची व्हिएन्ना येथे नेमणूक झाली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ती नामंजूर केली. हंगेरीच्या स्वातंत्र्याची व सार्डिनियाची तरफदारी या मनुष्याने भर सभेत केली होती. ज्याची वाणी आपल्या साम्राज्याच्या चिरफाळ्या करू पाहते त्यास आपल्याच दरबारी का मानाने बसवावे? तेव्हा जूनमध्ये त्याची रवानगी चीनला झाली. चीनची भाषा, इतिहास, रीतिरिवाज यांचे त्यास काडीचेही ज्ञान नव्हते. ऑस्ट्रियाचा नकार हाच काय तो त्याच्या पात्रतेचा दाखला.

ज्या चीनमध्ये तो आला तो जेरीस आलेला देश होता. १८५८ साली तिएन्त्सिन येथे झालेल्या तहाने नवी बंदरे उघडावी लागली होती. त्याच सुमारास, माळव्यात पिकून आमच्या मुंबई बंदरातून आणि बिहारात पिकून कलकत्त्याहून जाणाऱ्या ज्या अफूपायी इंग्रजांशी पहिले युद्ध पेटले, तिच्या आयातीस जकात लावून कायदेशीर मान्यताही द्यावी लागली होती. आणि १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगवर चाल करून सम्राटाचे उन्हाळी प्रासाद लुटून जाळले होते. दक्षिणेत ताइपिंग बंडाचा वणवा दहा वर्षे धुमसत होता. अशा अवस्थेत, परकीयांशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करण्याची आपत्ती टळत नाही असे पाहून, दरबाराने १८६१ साली त्सुंगली यामेन नावाचे एक परराष्ट्र दफ्तर उघडले. त्याचा प्रमुख होता राजपुत्र कुंग, आणि त्याचा खरा मेंदू म्हणजे वेन्-शियांग नावाचा मंचू मुत्सद्दी.

जुलै १८६२ मध्ये बर्लिंगेम पेकिंगला पोचला. त्याच्यापाशी आरमार नव्हते, आणि मायदेशी यादवी युद्ध पेटलेले असल्यामुळे मिळण्याची आशाही नव्हती. ज्याच्या हाती तलवार नाही त्याने तलवारीच्या निरर्थकतेवर प्रवचन करावे, हे जगाच्या व्यवहाराला धरूनच आहे. तरीही त्याने जे धोरण आखले त्यास केवळ दुर्बलाचे शहाणपण म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश वकील सर फ्रेडरिक ब्रूस, रशियाचा व फ्रान्सचा वकील या तिघांना त्याने घरोब्याने आणि गोड वाणीने एका विचारावर आणले: महत्त्वाच्या प्रश्नांत सर्वांनी मसलत करून वागावे, तहान्वये मिळालेले हक्क राखावेत, परंतु चीनची भूमी कोणी तोडून मागू नये आणि चिनी प्रजेवरील चिनी सरकारच्या अखत्यारात हात घालू नये. यास सहकार्याचे धोरण म्हणत. त्याचा दुभाषी व चिटणीस होता वेल्स विल्यम्स, चीनमध्ये तीस वर्षे काढलेला कोशकार. बर्लिंगेमला जे ठाऊक नव्हते ते त्यास ठाऊक होते, आणि जे त्यास साधत नव्हते, म्हणजे माणसे जोडणे, ते बर्लिंगेमला साधत होते.

या धोरणाची पहिली कसोटी एका विचित्र आरमारावरून लागली. चिनी जकात खात्याचा इंग्रज अधिकारी लेय याने बंडवाल्यांविरुद्ध लढण्यासाठी इंग्लंडात आगबोटींचा एक ताफा विकत घेतला, त्यावर शेरार्ड ऑस्बर्न हा इंग्रज सेनानी नेमला, आणि या सेनानीने फक्त माझ्यामार्फत येणारे हुकूमच पाळावेत, तेही मला पसंत पडतील तर, असा करार करून तो १८६३ मध्ये पेकिंगला आला. पैसा चीनचा, नौका चीनच्या, आणि हुकूम लेयचा! यामेनने हे साफ नाकारले. आता हा ताफा विकावा तर तो अमेरिकेतील बंडखोर दक्षिणेच्या हाती लागण्याची भीती. बर्लिंगेमने ब्रूसच्या साहाय्याने अशी तजवीज केली की, चीनचा पैसा बुडू नये आणि नौकाही भलत्या हाती पडू नयेत. त्यांतील काही जहाजे ऑस्बर्नने मुंबईस आणली आणि काही इंग्लंडास परत गेली. लेयच्या जागी रॉबर्ट हार्ट आला, व हा शांत आयरिश मनुष्य पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ चीनच्या जकातीचा धनी राहिला.

दुसरी गोष्ट एका ग्रंथाची. हेन्री व्हीटन या अमेरिकन वकिलाने, जो स्वतःही युरोपात मुत्सद्दी म्हणून राहिलेला होता, आंतरराष्ट्रीय कायद्याची मूलतत्त्वे सांगणारा एक मान्यवर ग्रंथ लिहिला होता. मार्टिन नावाच्या मिशनऱ्याने त्याचे चिनी भाषांतर हाती घेतले. बर्लिंगेमने त्यास उत्तेजन दिले आणि १८६३ साली यामेनच्या मंत्र्यांपुढे नेऊन उभे केले. पेकिंगमधील फ्रेंच वकिलातीत या वार्तेने संताप उसळला; युरोपच्या कायद्याचे मर्म चिन्यांना शिकविणारा हा कोण, त्यामुळे आपल्यामागे नाना कटकटी लागतील, असे तेथील अधिकाऱ्याचे मत पडले. त्याची भीती निराधार नव्हती. १८६४ मध्ये प्रशिया व डेन्मार्क यांचे युद्ध चालू असता नवा प्रशियन वकील युद्धनौकेतून आला आणि त्याने चीनच्या किनाऱ्याजवळ उभी असलेली डॅनिश व्यापारी जहाजे धरली. यामेनने व्हीटनमधील तत्त्वे पुढे केली: हे आमचे किनारी जल आहे, येथे तुमचे युद्ध चालणार नाही, जहाजे सुटेपर्यंत तुमचा स्वीकार होणार नाही. प्रशियन वकिलास जहाजे सोडावी लागली आणि नुकसानीची भरपाईही द्यावी लागली. तोफेवाचून मिळालेला हा विजय पाहून दरबाराने ग्रंथाच्या छपाईस द्रव्यसाहाय्य दिले आणि त्याच्या तीनशे प्रती प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना वाटल्या. बर्लिंगेमच्या पेकिंगमधील कारकिर्दीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच कृत्य, आणि गंमत अशी की यात त्यास एकही भाषण करावे लागले नाही.

याच काळातील एक प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसला आहे. रजेवरून पेकिंगला परत जाताना १८६६ च्या जूनमध्ये तो होनोलूलू येथे उतरला. तेथे सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्राचा तीस वर्षांचा बातमीदार बैठक न साधण्याजोग्या गळवांनी अंथरुणाला खिळून होता. त्याचे टोपणनाव मार्क ट्वेन. अशातच ‘हॉर्नेट’ नावाच्या जळालेल्या जहाजावरील पंधरा माणसे त्रेचाळीस दिवस उघड्या होडीत काढून हवाई बेटांवर लागली. बर्लिंगेमने त्या आजारी बातमीदाराला डोलीत घालून रुग्णालयात नेवविले, वाचलेल्या खलाशांना प्रश्न स्वतः विचारले, आणि ट्वेन पडल्या पडल्या टिपणे करीत राहिला. ती बातमी इतरांच्या आधी छापून आली व तरुण लेखकाचे नाव झाले. निरोप घेताना या वडीलधाऱ्या मुत्सद्द्याने त्यास उपदेश केला की, संगत नेहमी आपल्याहून थोरांची धरावी, चढतच राहावे. ट्वेनने तो आयुष्यभर लक्षात ठेवला. एका राष्ट्राच्या वकिलाने उठून एका नवख्या बातमीदारासाठी प्रश्न विचारीत बसावे, यात त्याच्या स्वभावाची जी मोकळीक दिसते तीच पेकिंगच्या मंत्र्यांना भावली असली पाहिजे.

१८६८ साली तिएन्त्सिनच्या तहाच्या फेरतपासणीची मुदत भरत होती. शांघायचे व्यापारी आगगाड्या, तारायंत्रे, खाणी आणि अंतर्भागात मुक्त संचार यांसाठी आपापल्या सरकारांमागे टुमणे लावून बसले होते, आणि नव्या युद्धाची कुजबूज यामेनच्या कानी येत होती. आपली बाजू त्या सरकारांच्या राजधानीत जाऊन कोणी मांडावी? चिनी अधिकाऱ्याला भाषा येत नव्हती. शिवाय तो परक्या राजापुढे उभा राहिला तर त्या राजांचे वकीलही उद्या आमच्या सम्राटापुढे, दंडवत न घालता, उभे राहण्याचा हक्क सांगतील, ही धास्ती. इतक्यात बर्लिंगेम निरोप घेण्यास आला, आणि निरोपाच्या मेजवानीत वेन्-शियांगने, तुम्ही आमचेच वकील का होत नाही, असा प्रश्न टाकला. ती कल्पना त्या क्षणी सुचली की हार्टप्रभृतींनी आधीच पेरली होती, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. इतके खरे की, ज्याने परकीय असून आमची बाजू घेतली तो आम्हांस परका नाही, हा हिशेब दरबाराला पटला. त्याच्या जोडीला सारख्याच दर्जाचे दोन वकील दिले, मंचू ची-कांग आणि चिनी सुन चिया-कु. ब्रिटिश व फ्रेंच यांचा मत्सर शमविण्यासाठी एक इंग्रज आणि एक फ्रेंच चिटणीस दिला. आणि नव्या भाषाशाळेतील विद्यार्थी, लेखक, चाकर मिळून तीसेक माणसांचा लवाजमा तयार झाला. राष्ट्राचे निशाण असे काही चीनपाशी नव्हते. तेव्हा पिवळ्या कापडावर ड्रॅगन आणि भोवती निळी किनार असे एक निशाण खास या शिष्टमंडळासाठी सिद्ध करण्यात आले.

फेब्रुवारी १८६८ मध्ये मंडळी शांघायहून निघाली आणि पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोस उतरली. आगगाडीचा लोहमार्ग त्या वेळी अजून पुरा व्हायचा होता, आणि पश्चिमेकडून तो सिएरा पर्वतातून पुढे नेणारे बहुसंख्य मजूर चिनीच होते. त्यामुळे शिष्टमंडळाला पनामाच्या वाटेने समुद्रमार्गे न्यूयॉर्क गाठावे लागले. जूनमध्ये वॉशिंग्टन येथे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने, जो नुकताच महाभियोगातून एका मताने वाचला होता, त्यांचे स्वागत केले. प्रतिनिधिगृहानेही सत्कार केला, जेथे बारा वर्षांपूर्वी याच वक्त्याने ब्रुक्सचा समाचार घेतला होता.

आणि मग तो बोलू लागला. २३ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये डेल्मोनिको या प्रसिद्ध उपाहारगृहात झालेल्या मेजवानीत त्याने चीनचे जे चित्र रंगविले ते पाहून वेन्-शियांगसुद्धा चकित झाला असता. चीनला मोकळे सोडा, तो आपल्या वेळेने व आपल्या रीतीने प्रगती करील, हा त्याच्या भाषणाचा गाभा निर्दोष होता, किंबहुना त्या काळी कोणत्याही पाश्चात्त्याच्या तोंडून निघालेले ते सर्वांत न्याय्य मागणे होते. परंतु श्रोत्यांचे डोळे लकाकताना दिसले म्हणजे वक्त्याचा तोल जातो. चीन व्यापाराला हात पसरून बोलावीत आहे, त्याच्या डोंगराडोंगरांवर आणि दऱ्याखोऱ्यांत क्रूस उभारण्यास तो मिशनऱ्यांना आमंत्रण देत आहे, असे तो बोलून गेला. ज्या दरबाराने त्यास पाठविले होते, त्याची इच्छा नेमकी उलट होती: आगगाड्या नकोत, तारा नकोत, मिशनरी तर नकोतच, सवड हवी. अशिलाने सांगितलेली हकिकत न्यायाधीशास रुचणार नाही असे दिसताच तिला साज चढविणारा वकील खटला कदाचित जिंकतो. पण न्यायाधीशाने पुढे अशिलालाच बोलावून खातरजमा केली तर काय, याचा विचार त्याने केला नाही. पेकिंगमध्ये त्याच्या जागी आलेला अमेरिकन वकील रॉस ब्राउन याने अशी खातरजमा केली, आणि हे सारे चित्र कल्पनेचे आहे असा पुकारा केला. शांघायच्या व्यापाऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याची री ओढली. चीनविषयी ब्राउनचे निरीक्षण बरेचसे खरे होते. त्यावरून धाकदपटशाच करावा हा त्याचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

२८ जुलै १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे चीन व अमेरिका यांच्या जुन्या तहास आठ पुरवणी कलमे जोडण्यात आली. लोक त्यास बर्लिंगेमचा तहनामा म्हणत, पण मसुद्यात परराष्ट्रमंत्री सिवर्ड याचा हात मोठा होता. गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिकत्व देणारी घटनेची चौदावी दुरुस्ती अमलात आल्याचे याच सिवर्डने त्याच दिवशी जाहीर केले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तहातील आठव्या कलमाने, आगगाड्या, तारा इत्यादी अंतर्गत सुधारणा केव्हा व कशा कराव्यात हे ठरविणे सर्वस्वी चीनच्या सम्राटाच्या मर्जीवर असल्याचे अमेरिकेने मान्य केले. सातव्याने उभय देशांच्या प्रजेस परस्परांच्या सरकारी शिक्षणसंस्था खुल्या केल्या. पाचव्याने मनुष्याचा देशांतराचा व राजनिष्ठा बदलण्याचा उपजत हक्क मान्य केला आणि फसवून किंवा बळजबरीने मजूर नेण्याचा धंदा निषिद्ध ठरविला. सहाव्याने एका देशातील दुसऱ्या देशाच्या रहिवाशांना अत्यंत कृपापात्र राष्ट्राच्या प्रजेइतक्या सवलती दिल्या. मात्र त्यातून नागरिकत्वाचा हक्क उत्पन्न होत नाही असे एक शेपूट जोडण्यास सिवर्ड विसरला नाही. औदार्यही सगळे निर्हेतुक नव्हते. लोहमार्गाला मजूर हवे होते.

असा तह करण्याची सनद पेकिंगने बर्लिंगेमला दिलेली नव्हती. सह्या करून तो पुढे गेला, आणि सम्राटाच्या दरबाराने सवा वर्षाने, नोव्हेंबर १८६९ मध्ये, त्यास मान्यता देऊन आपल्या मुखत्याराची अब्रू राखली.

युरोपातील कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे टाळ्या कमी आणि खलिते अधिक होते. लंडनमध्ये लॉर्ड क्लॅरेंडनने २८ डिसेंबर १८६८ च्या पत्रात, चीनच्या स्वातंत्र्याशी विसंगत असा दबाव आणण्याचा ब्रिटनचा इरादा नाही, स्थानिक तक्रारी मध्यवर्ती सरकारकडेच नेल्या जातील, तहांचे पालन मात्र व्हावे, असे लिहून दिले. आणि तह नसला तरी या साध्या पत्राचे राजकीय मोल अमेरिकेच्या आठ कलमांहून कमी नव्हते, कारण चीनच्या समुद्रात तोफा ब्रिटनच्या होत्या. पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनने आदरसत्कार भरपूर केला आणि हाती काही दिले नाही. कित्येक महिने तेथे वाया गेले. बर्लिनला बिस्मार्कने सौजन्याचे उत्तर दिले. १८७० च्या फेब्रुवारीत, ऐन हिमात, मंडळी सेंट पीटर्सबर्गला पोचली.

रशियाचा प्रश्न वेगळा होता. इतर सत्ता समुद्रापलीकडून येत. रशियाची सरहद्द हजारो मैल चीनला भिडलेली, आणि दहाच वर्षांपूर्वी त्याने अमूर व उसुरी नद्यांकडचा विस्तीर्ण मुलूख गिळलेला. ची-कांगने प्रवासाची जी दैनंदिनी लिहिली तीत तो सांगतो की, येथे एखादा शब्द चुकला तर चीनचे नुकसान होईल आणि आजवर कमावलेले नाव जाईल, या काळजीने बर्लिंगेम रात्रंदिवस व्यग्र असे. ज्याच्या शब्दांच्या अतिरेकाबद्दल आपण वर तक्रार केली, त्यास अखेरच्या मुक्कामी शब्दाची अशी धास्ती वाटावी! झार दुसरा अलेक्झांडर याची भेट झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फुप्फुसांच्या दाहाने तो अंथरुणास खिळला. २३ फेब्रुवारी १८७० रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, त्याचा अंत झाला. त्याचे शव बॉस्टनला नेऊन फॅनिल हॉलमध्ये लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले आणि केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. चीनच्या दरबाराने त्यास मरणोत्तर प्रथम श्रेणीचा हुद्दा दिला. त्याचा पुत्र एडवर्ड पुढे ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’चा संपादक म्हणून नावारूपास आला, बापाच्या घरातील शब्दांची मिळकत त्याच्याकडे निराळ्या मार्गाने गेली असे म्हणावे.

ची-कांग व सुन चिया-कु हे उरलेल्या राजधान्या उरकून त्याच वर्षी परतले. ते येण्यापूर्वी, जून १८७० मध्ये, तिएन्त्सिन येथे जमावाने तेथील फ्रेंच वाणिज्य वकील व जोगिणी यांची कत्तल केली होती, आणि डेल्मोनिकोमध्ये रंगविलेल्या चित्रावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. जे दोन अधिकारी सारे पाश्चात्त्य जग पाहून आले, त्यांच्या ज्ञानाचा परराष्ट्रव्यवहारात उपयोग करून घेण्याचे दरबाराला सुचले नाही. लंडन येथे चीनची कायमची वकिलात स्थापन व्हायला १८७७ साल उजाडले, वॉशिंग्टनला त्याच्या पुढले.

तहनाम्याचे भवितव्य मात्र अमेरिकेतच ठरायचे होते. १८७० च्या शिरगणतीत तेथे सुमारे ६३,००० चिनी होते; दहा वर्षांत ती संख्या लाखावर गेली. लोहमार्ग पुरा झाला होता, मंदी आली होती, आणि कॅलिफोर्नियातील गोऱ्या मजुरांच्या सभांतून चिन्यांच्या हकालपट्टीची मागणी उठली. सातव्या कलमाच्या भरवशावर चीनने १८७२ पासून १२० मुले अमेरिकेत शिकण्यास धाडली होती. सैनिकी विद्यालयाची दारे त्यांना बंद असल्याचे कळल्यावर, इतर कारणांबरोबर तेही एक कारण होऊन, १८८१ साली ती परत बोलाविण्यात आली. १८८० मध्ये नवा करार करून अमेरिकेने चिनी मजुरांच्या आगमनास आळा घालण्याचा हक्क मिळविला, आणि १८८२ च्या कायद्याने ते आगमनच बंद केले. पूर्वीपासून राहणाऱ्यास मायदेशी जाऊन परत येण्यासाठी दाखला मिळे. १ ऑक्टोबर १८८८ च्या कायद्याने तेही दाखले एका झटक्यात रद्द ठरविले.

त्या आठवड्यात चे चान पिंग नावाचा एक मजूर हाँगकाँगहून येणाऱ्या ‘बेल्जिक’ आगबोटीवर, खिशात सरकारी दाखला घेऊन, समुद्रात होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात त्यास उतरू दिले नाही. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच्या वकिलांनी १८६८ च्या कलमांचा आधार घेतला, आणि न्यायमूर्ती फील्ड यांनी निकालपत्रात त्या कलमांची दखल सविस्तर घेतलीही. मग मे १८८९ मध्ये एकमुखाने निर्णय दिला की, तह आणि काँग्रेसचा कायदा यांचा दर्जा सारखाच, जो नंतरचा तो प्रभावी, आणि परकीयास देशात घ्यावे की नाही हा सार्वभौम सत्तेचा अधिकार कोणत्याही तहाने गहाण पडत नाही. चे चान पिंगला परत धाडण्यात आले. १८८२ चा कायदा काँग्रेसने रद्द केला तो १९४३ साली, चीन हा जपानविरुद्धच्या युद्धातला दोस्त झाल्यावर, आणि त्या वेळी दर वर्षी १०५ चिन्यांना प्रवेश देण्याचे ठरले.